दोन रुळांतली वीज

खऱ्या रेल्वेच्या रुळाचं पहिलं काम वजन पेलायचं. मॉडेल रेल्वेच्या रुळावर वजन म्हणावं असं फारसं काही पडतच नाही. एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं इंजिन एका हाताने सहज उचलता येतं. या छोट्या रुळावर जबाबदारी आहे ती दुसरीच. तो गाडीची वाट असतो आणि तिला वीज पुरवणारी उघडी तारही असतो. लेआउट बांधताना डोंगर, बोगदे, स्टेशनची कौलं यांत मन रमतं आणि रुळाचं हे दुसरं काम मागे पडतं. मग गाडी बोगद्यात शिरते आणि नेमकी जिथे हात पोचत नाही तिथे उभी राहते.

एचओमध्ये दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. एका रुळातून वीज चाकात चढते, चाकाच्या मागे हलकेच टेकलेल्या फॉस्फर ब्राँझच्या पट्टीतून मोटरमध्ये जाते आणि पलीकडच्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरून परत येते. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा टाचणीच्या टोकाएवढीही नसते. धुळीचा एक कण, तेलाचा एक थर, पितळेवर चढलेला काळपटपणा यांपैकी काहीही तिथे आलं की मोटर बंद. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत पितळी रूळ फार लवकर काळे पडतात. म्हणून आता बहुतेक ठिकाणी निकेल-सिल्व्हरचे रूळ वापरतात. नावात चांदी असली तरी हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. तो पितळेपेक्षा स्वच्छ राहतो, पण विजेला होणारा त्याचा विरोध तांब्याच्या दहा-पंधरा पट असतो. हा आकडा लक्षात ठेवावा; पुढे त्याची गरज पडणार आहे.

गाडीच्या चाकांना जोडणाऱ्या आसाची गोष्ट मला या सगळ्या विषयात विशेष आवडते. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांचा एक पट्टा दोन्ही टोकांना इन्सुलेशन घालून शेजाऱ्यांपासून वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. पट्टा रिकामा असेल तर वीज एका रुळाने जाते, रिलेतून फिरते, दुसऱ्या रुळाने परतते आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस मिळून दोन्ही रूळ जोडून टाकतात. वीज तिथूनच माघारी वळते, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी उतरली किंवा रूळ मोडला तरी रिले पडणारच. बिघाड झाला तर सिग्नलने लालच दाखवावं, ही शहाणी कल्पना त्या साध्या जोडणीत आहे. मॉडेलमध्ये मात्र आसाने रूळ जोडणं म्हणजे सरळ शॉर्ट. म्हणून प्रत्येक आसावरचं किमान एक चाक प्लॅस्टिकच्या बारीक बुशने वेगळं केलेलं असतं. डब्याचं चाक बदलताना हे बुश चुकीच्या बाजूला गेलं तर काही डब्यांमध्ये दोन ट्रॉल्यांच्या मधून शॉर्ट होतो आणि दोष लेआउटमध्ये शोधण्यात सगळी संध्याकाळ जाते.

आता गाडी चालवण्याच्या प्रश्नाकडे येऊ. गाडीला दोन गोष्टी लागतात: वीज आणि हुकूम. साध्या डीसी पद्धतीत या दोन्ही एकच असतात. रुळांत ० ते १२ व्होल्ट डीसी सोडायचे. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो. प्लस-मायनस उलटवले की गाडी उलटी चालते. एक बटण, दोन तारा, संपलं. एका गाडीसाठी याहून देखणी व्यवस्था नाही, असं मी अजूनही मानतो. सुरुवातीची खेळणी इतकी निरुपद्रवी नव्हती. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने १९२५ साली आणलेली तिची पहिली विजेची गाडी घरातल्या मुख्य विजेवर चालायची आणि मुलं रुळांना हात लावून खेळायची. पुढे सगळेच कारखाने कमी व्होल्टेजकडे वळले.

अडचण सुरू होते ती दुसरं इंजिन रुळावर ठेवल्यावर. वीज हाच हुकूम असल्यामुळे दोन्ही इंजिनं तो एकदमच पाळतात. एकाला थांबवून दुसऱ्याला हलवायचं असेल तर रुळांचे तुकडे पाडावे लागतात. त्यांना ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकच्या टोकांना प्लॅस्टिकचे जोड बसवायचे आणि प्रत्येकासाठी पॅनलवर सहा टर्मिनलांचा, मध्ये बंद होणारा स्विच लावायचा: एकीकडे टाकला तर तो ब्लॉक पहिल्या कंट्रोलरच्या ताब्यात, दुसरीकडे टाकला तर दुसऱ्याच्या, मध्ये ठेवला तर वीज बंद. पाच-सहा ब्लॉकपर्यंत हे मजेत चालतं. वीस ब्लॉक झाले की चालकाचं लक्ष गाडीवरून उडून पुढचा स्विच आधी टाकला की नाही यावर जातं. गाडी चालवणारा माणूस खरं म्हणजे स्विचबोर्ड चालवत असतो.

या अडचणीला माणसाने दिलेलं सर्वांत भव्य उत्तर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये होतं. तिथला टेक मॉडेल रेलरोड क्लब १९४६-४७ च्या सुमारास सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धात तात्पुरती म्हणून बांधलेल्या ‘बिल्डिंग २०’ या इमारतीत त्याने बस्तान बसवलं. क्लबात दोन तऱ्हेची मुलं होती. काहींना इंजिनं, घरं, झाडं हुबेहूब करण्यात रस. काहींना टेबलाखाली काय चाललंय यात. दुसऱ्या गटाला ‘सिग्नल्स अँड पॉवर’ म्हणत. टेलिफोन कंपनीकडून मिळालेले जुने रिले आणि क्रॉसबार स्विच त्यांनी टेबलाखाली जोडत नेले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो लोकांतून नेमके दोघे जोडायचे असतात. इथे अनेक कंट्रोलरांतून नेमका एक कंट्रोलर नेमक्या एका ब्लॉकला जोडायचा होता. प्रश्न एकच, म्हणून यंत्रही तेच चाललं. गाडी पुढे सरकली की तिचा कंट्रोलर रिलेंच्या टकटकाटात पुढच्या ब्लॉकवर आपोआप जाई आणि मागचा ब्लॉक मोकळा होई. या सगळ्या जंजाळाला मुलं ‘द सिस्टिम’ म्हणत.

ही मुलं रात्र-रात्र तिथे बसत. पीटर सॅमसनने १९५९ साली क्लबातल्या खास शब्दांचा एक कोश तयार केला. ‘हॅक’ हा शब्द चतुराईने केलेल्या जोडणीसाठी तिथे सर्रास वापरात होता. रिलेंचं तर्कशास्त्र हाती बसल्यावर त्यांतले काही जण विद्यापीठातल्या टीएक्स-० आणि पुढे पीडीपी-१ या संगणकांकडे वळले. स्टीव्ह रसेलने मित्रांसोबत १९६२ साली पीडीपी-१ वर ‘स्पेसवॉर’ हा खेळ केला, तेव्हा तो खेळायच्या हातातल्या खोक्यांसाठी ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी सामान आणलं ते रेल्वे क्लबाच्या खोलीतूनच. कोटॉक नंतर पीडीपी-१० या गाजलेल्या संगणकाचा मुख्य रचनाकार झाला. स्टीव्हन लेव्हीने १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकाची सुरुवात या क्लबापासून केली, ती उगाच नाही. दोन गाड्या वेगवेगळ्या चालाव्यात एवढ्या एका हट्टातून ही पोरं तर्कमंडलं शिकली, आणि शिकवणारं पाठ्यपुस्तक त्यांच्यापुढे टेबलाखाली लटकत होतं.

ब्लॉक कितीही हुशारीने जोडले तरी मूळ गाठ सुटत नव्हती: वीज म्हणजेच हुकूम. ती सोडवायची तर हुकूम विजेपासून वेगळा काढायला हवा. हॉर्नबीने १९७९ साली ‘झीरो १’ ही अशी एक पद्धत बाजारात आणली होती. पण टिकून राहिली ती जर्मनीतल्या गीसेन गावच्या लेन्झ इलेक्ट्रॉनिकने विकसित केलेली. तिच्यावरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात एक खुलं मानक केलं. तेच डीसीसी. आज एका कंपनीच्या कंट्रोलरवर दुसऱ्या कंपनीचं इंजिन चालतं ते त्या मानकामुळे.

डीसीसीमध्ये रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असतं, एचओसाठी साधारण १४-१५ व्होल्ट. ते डीसीही नसतं आणि घरातल्यासारखं लयीत वरखाली होणारं एसीही नसतं. दोन्ही रुळांचे प्लस-मायनस सेकंदाला हजारो वेळा झटक्यात उलटतात, आणि किती वेळाने उलटतात त्यातच निरोप असतो. अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, सुमारे १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘शून्य’. आधी किमान चौदा ‘एक’ ओळीने येतात: लक्ष द्या, निरोप येतोय. मग इंजिनाचा नंबर, मग हुकूम, आणि शेवटी आधीच्या बाइटांवरून काढलेला पडताळ्याचा बाइट. इंजिनातला डीकोडर पडताळा करून बघतो. जुळला नाही तर तो निरोप सोडून देतो आणि आधीचा हुकूम पाळत राहतो. असे छोटे निरोप सेकंदाला दीडशेच्या आसपास जाऊ शकतात, त्यामुळे एखादा धुळीत हरवला तरी पुन्हा येतोच. स्टेशनवर घोषणा सगळ्यांच्या कानांवर पडते पण ज्याची गाडी तोच उठतो, तसं प्रत्येक इंजिन सगळं ऐकतं आणि आपल्या नंबरापुरतं पाळतं. मोटरला लागणारी वीज डीकोडर त्याच दोन रुळांतून घेतो.

दुकानात सांगतात की डीसीसी घेतलं की वायरिंग संपलं, दोन तारा पुरतात. हे अर्धं खरं आहे. ब्लॉकचे स्विच गेले; पण आता सगळ्या गाड्यांची मिळून वीज एकाच जोडीतून वाहते, आणि तिच्यातूनच निरोपही जायचा असतो. पूर्वी एखादा जोड ढिला असला तर गाडी थोडी रेंगाळायची. आता निरोपच तुटतो. तारांची काळजी कमी करायला डीसीसीत काही वाव नाही, उलट ती अधिक घ्यावी लागते.

म्हणून टेबलाखाली रुळांच्या वाटेने एक जाड तारांची जोडी फिरवायची. तिला बस म्हणतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात घराच्या वायरिंगची १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मिळते, तीच उत्तम. हिशेब करून बघू. खोलीच्या कडेने फिरणारा लेआउट, बसची लांबी १३ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २६ मीटर तार. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा विरोध मीटरमागे सुमारे ०.०११५ ओहम, एकूण ०.३ ओहम. तीन अँपिअर वाहिले तर टोकाशी ०.९ व्होल्ट कमी पोचतात. चालण्यासारखं आहे. वीज सोडणारा बूस्टर टोकाला न ठेवता मधोमध ठेवला तर हे नुकसान अर्ध्यावर येतं, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. तेच अंतर कॉलबेलच्या ०.२ चौरस मिलिमीटरच्या वायरने काढलं तर नुसत्या तारेचा विरोध सव्वादोन ओहमच्या घरात जातो.

मुंबईच्या लोकलने हाच हिशेब मोठ्या आकड्यांत सोडवला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे गाड्या वाढल्या, डबे वाढले, तसा तारांतला प्रवाह वाढत गेला. शेवटी गेल्या दशकापर्यंत सगळं जाळं २५,००० व्होल्ट एसीवर नेलं गेलं. तेवढ्याच शक्तीसाठी व्होल्टेज सोळापटीहून अधिक वाढलं म्हणजे प्रवाह तितक्याच पटीने कमी, आणि तारांत उष्णता होऊन जाणारी वीज त्या पटीच्या वर्गाने कमी. मॉडेलमध्ये व्होल्टेज वाढवायची सोय नाही, कारण रुळांना बोटं लागणार. आपल्या हाती राहते ती फक्त तारेची जाडी.

बारीक तारेचा खरा धोका गाडी मंदावण्यात नाही. बूस्टरमध्ये शॉर्ट झाल्यावर वीज तोडणारी योजना असते, समजा ५ अँपिअरला. १५ व्होल्टवर ५ अँपिअर वाहायचे तर वाटेतला एकूण विरोध ३ ओहमपेक्षा कमी हवा. बारीक तार आणि ढिले जोड मिळून तो ३.५ ओहम झाला, तर लांबच्या टोकाला गाडी रुळावरून उतरून पूर्ण शॉर्ट झाला तरी वाहतात फक्त ४.३ अँपिअर. बूस्टरला वाटतं, गाड्याच चालल्या आहेत. ६४ वॅट उष्णता तारांत, जोडांत आणि त्या इंजिनाच्या चाकांत साठत राहते. हातातला छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. स्लीपर वितळतात, ट्रॉली वाकडी होते. यावरची परीक्षा सोपी आहे. नवा रूळ टाकला की पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टरने तत्काळ वीज तोडली पाहिजे. लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक साइडिंगच्या टोकाला हे करावं. जिथे वीज तुटत नाही तिथली तार आधी बदलावी, देखावा नंतर.

बसमधून रुळांपर्यंत ०.५ चौरस मिलिमीटरचे वीतभर लांबीचे तुकडे चढवायचे, ते फीडर. रुळांचे तुकडे एकमेकांत अडकवणाऱ्या पत्र्याच्या छोट्या जोडांवर विजेचा भरवसा ठेवू नये. नव्याने ते घट्ट असतात. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला, रंग आणि खडीचा गोंद आत उतरला, की त्यांतली वीज कमी होत जाते. आणि रुळाचा विरोध तांब्याच्या कितीतरी पट आहे हे वर आलंच आहे. माझ्या मते रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर हवा, मग तो कितीही आखूड असो.

फीडरला डाख देणं हे या सगळ्यातलं सर्वांत हातोटीचं काम. रुळाच्या बाहेरच्या अंगाची मधली चिंचोळी पट्टी बारीक कानशीने चमकेपर्यंत घासायची. तिथे फ्लक्सचा थेंब. तारेचं टोक सोलून आधीच कथलाने माखून ठेवायचं, रुळाच्या जागेवरही कथलाचा पातळ ठिपका द्यायचा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओल्या कापसाचे बोळे. मग तार ठिपक्यावर टेकवून गरम टोक दोन-तीन सेकंद दाबायचं. कथील चकचकीत होऊन पसरलं की टोक उचलायचं आणि तार अजिबात हलू द्यायची नाही. हलली तर डाख दाणेदार, मळकट दिसतो. तो आज वीज देईल आणि सहा महिन्यांनी दगा देईल. लागलीच तो काढून पुन्हा करावा. आणि सगळीकडे लाल तार एकाच रुळाला. टेबलाखाली पाठीवर पडून काम करताना डावं-उजवं उलटं होतं, म्हणून वर चढायच्या आधी भोकाशेजारी खूण करून ठेवावी.

दोन तारांच्या पद्धतीतला एक पेच भल्याभल्यांना चकवतो. गाडी सांध्यातून गोलात शिरते, वळसा घालते आणि त्याच सांध्यातून तोंड फिरवून बाहेर पडते. दिसायला फार सुंदर. पण डाव्या रुळावर बोट ठेवून त्याच्याबरोबर फिरत गेलं तर बोट सांध्यापाशी येतं ते उजव्या रुळावर. लाल तार काळीला भिडली. मेर्क्लिन या जर्मन कंपनीने १९३५ पासून आपल्या या मापाच्या गाड्या मधल्या तिसऱ्या वाहकावर चालवल्या, दोन्ही बाजूंचे रूळ एकाच तारेला जोडून. त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. दोन रुळांवर मात्र गोलाची दोन्ही टोकं दोन्ही रुळांत तोडावी लागतात, आणि तो तुटक भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब ठेवावा लागतो. डीसीत गाडी आत उभी करून स्विचने बाहेरची वीज उलटवायची आणि पुढे निघायचं. डीसीसीत हे काम एक छोटा सर्किट बोर्ड करतो: चाकं फटीवरून जाताना शॉर्ट जाणवला की तो मिलिसेकंदांत गोलाचे प्लस-मायनस उलटवतो. गाडी अडखळतही नाही, कारण तिची दिशा आता प्लस-मायनसवर ठरत नाही, निरोपावर ठरते.

दिवे आणि सांधे बदलणाऱ्या मोटरी रुळांच्या विजेवर जोडू नयेत. एक एलईडी २० मिलिअँपिअरही घेत नाही, पण छोट्या शहरात असे पन्नास दिवे लागले की एक अँपिअरपर्यंत वीज जाते. कॉइलची सांधा-मोटर क्षणभरासाठी दोन-तीन अँपिअर ओढते आणि त्या झटक्यात इंजिनांचे निरोप अडखळतात. यांना वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा आणि वेगळ्या रंगाची बस द्यावी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे खोली अंधारते आणि छोट्या शहराचे दिवे लागतात, तेव्हा मुलं गाड्या बघत असतात. जाणत्याने रस्त्याकडेच्या दिव्यांकडेही बघावं. एवढे दिवे लावायला किती तारा ओढाव्या लागल्या असतील, याची कल्पना तिथे येते.

२३० व्होल्टबाबत मात्र तडजोड नको. टेबलाखाली मुख्य वीज न्यायचीच नाही. ती भिंतीवरच्या, एका स्विचने बंद होणाऱ्या बोर्डवर थांबली पाहिजे. दोन ट्रान्सफॉर्मरांच्या कमी व्होल्टेजच्या बाजू चुकून एकमेकांना जोडल्या गेल्या आणि त्यांतल्या एकाचा प्लग काढला, तर तो ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि हातातल्या प्लगच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट येतात. घरात मुलं असतात. म्हणून सगळे प्लग एकाच बोर्डवर, आणि काम करताना तो बोर्ड बंद.

अलीकडे काहींनी वीज आणि हुकूम दोन्ही रुळांवरून काढून टाकले आहेत. इंजिनात लिथियमची बॅटरी आणि रेडिओ. रूळ पुन्हा नुसते रूळ. बागेतल्या, ४५ मिलिमीटर रुळांच्या मोठ्या गाड्यांना हे फार छान मानवतं, कारण पाऊस-पाल्यात रूळ पुसत बसावं लागत नाही. एचओत जागा कमी आणि एनमध्ये, जिथे रुळांत फक्त ९ मिलिमीटर अंतर असतं, त्याहून कमी. शिवाय रुळांतून वीज गेली की एक मोठी सोयही जाते. डब्याच्या आसावर १० हजार ओहमचा बारीकसा रेझिस्टर चिकटवला तर त्यातून दीड मिलिअँपिअर वाहतो. तेवढ्यावरून टेबलाखालचा सेन्सर ओळखतो की हा ब्लॉक भरलेला आहे, आणि मागचा सिग्नल लाल होतो. रॉबिन्सनच्या आसाने जे काम केलं तेच हे. बॅटरीवरच्या गाडीसाठी हे सगळं वेगळ्याने, प्रकाशाच्या किंवा चुंबकाच्या सेन्सरने उभारावं लागतं, आणि त्यासाठी टेबलाखाली पुन्हा तारा ओढाव्या लागतात.